पिस्टन आणि प्रेक्षक

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धुवा, कोणी ढुंकून बघणार नाही. बोनेट उघडून उभे राहा, फार तर वॉचमन येईल, ‘बॅटरी उतरली काय?’ म्हणेल आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीकडे परत जाईल. पण गाडीचं एक चाक काढून भिंतीला टेकवून ठेवा. चहा निवायच्या आत माणसं जमतात. गॅलरीत दात घासत उभे असलेले ब्रश तोंडात ठेवूनच लिफ्टने खाली येतात. दूध आणायला निघालेले दूध विसरतात. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कोरमसाठी फोन केला की जे हमखास ‘बाहेरगावी’ असतात, ते तिन्ही विंगांमधून हजर होतात. जॅकवर चढलेल्या गाडीभोवती उभं राहायला पुरुषांना आमंत्रण लागत नाही.

त्यातून चाकापाशी फतकल मारून बसलेली बाई असेल, तर मग विचारायलाच नको. आमच्या सोसायटीत ती बाई मी असते.

मी कोल्हापूरची. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लहानसं वर्कशॉप होतं आणि शाळेतून घरी यायची वाट तिथूनच होती. त्यामुळे बारा-तेराचा पाना कुठला आणि चौदा-पंधराचा कुठला, हे मला शाळेत असल्यापासून अंधारात हाताला कळतं. नवरा पुण्याचा. त्याचा आणि यंत्रांचा संबंध मिक्सरचं झाकण दाबून धरण्यापुरता. गाडीच्या कामात तो टॉर्च धरतो. तोही असा धरतो, की उजेड त्याला जे बघायचंय तिथे पडतो आणि मला जे बघायचंय ते त्याच्याच सावलीत जातं. तरीसुद्धा जमलेल्यांचा प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक सल्ला जातो त्याच्याकडे. ‘साहेब, जॅक नीट लागलाय ना?’ नवरा माझ्याकडे बघतो. मी ‘हो’ म्हणते. नवरा ‘हो’ म्हणतो. विचारणाऱ्याचं समाधान होतं.

पहिला प्रश्न मात्र यंत्राचा नसतो. ‘काय, गॅरेज बंद आहे का आज?’ असा तो असतो. कोपऱ्यावर गॅरेज असताना नोकरदार कुटुंब आपल्या गाडीचे ब्रेक पॅड आपण बदलतं, याचा पुण्यात एकच अर्थ लावला जातो. सुरुवातीला तर सोमवार उजाडेपर्यंत पोळ्यावाल्या मावशींच्या कानावर गेलं होतं, की साहेबांची नोकरी गेली. मावशींनी मोठ्या मनाने त्या महिन्यात पगारवाढीचा विषय काढला नाही. मीही घाईने खुलासा केला नाही.

काम म्हटलं तर किरकोळ आहे. चाक काढा. कॅलिपरचे मागचे बोल्ट सोडा. बऱ्याच लहान गाड्यांत खालचा एकच सोडला तरी कॅलिपर वर उचलता येतो. झिजलेले पॅड काढा, नवे घाला, कॅलिपर खाली आणा, बोल्ट आवळा. मोबाइलवर एखादा तरुण हे सगळं पाच मिनिटांत करून दाखवतो आणि त्याच्या हाताला काळं लागत नाही. प्रत्यक्षात माणूस नवे पॅड घालण्यापर्यंत बरोबर येतो, कॅलिपर खाली आणतो, आणि तो बसत नाही. जुने पॅड होते तोवर बसत होता. आता नव्या पॅडांची जाडी आणि कॅलिपरचं तोंड यांचं जमत नाही. माणूस पॅडच्या खोक्यावरचा नंबर पुन्हा वाचतो. दुकानदाराने चुकीचे दिले, अशी त्याची खात्री होते. दुकानदाराने बरोबर दिलेले असतात. अडलेलं असतं ते पिस्टनपाशी.

या पिस्टनची हकिगत ऐकण्यासारखी आहे. कॅलिपरच्या पोटात पाचेक सेंटिमीटर व्यासाचा हा पोकळ दांडगा बसलेला असतो. आपण पेडल दाबतो, तेल त्याला ढकलतं, तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडलाही डिस्ककडे ओढतो. पाय उचलला की पिस्टन मागे येतो. किती? मिलिमीटरचा एक लहानसा अंश. त्याला मागे आणायला स्प्रिंग नसते. आत एका खाचेत चौकोनी छेदाची रबरी रिंग असते, बस्स. पिस्टन पुढे जाताना ती त्याला धरून ठेवल्यामुळे जराशी पिळवटते आणि दाब गेला की सरळ होताना त्याला तेवढंच मागे घेते. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना डिस्कवरून पॅड सुटे होतात ते त्या एका रबराच्या जिवावर. हे मी कोणाला सांगत नाही, कारण ऐकल्यावर माणसं घाटात गप्प बसतात.

पॅड झिजत जातो तसा पिस्टन त्या रिंगमधून थोडा घसरून पुढे येतो आणि तिथेच ठाण मांडतो. फुटपाथला लागून असलेलं दुकान असंच पुढे येतं. आधी एक पाटी बाहेर येते, मग पाटीला टेकू म्हणून स्टूल, मग स्टुलावर ऊन लागतं म्हणून ताडपत्री. अमुक दिवशी दुकान पुढे आलं, असं कोणाला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पिस्टनचंही तसंच. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. मधल्या काळात आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅडांची झीज हा एकटा पिस्टन भरून काढतो, म्हणजे दीडेक सेंटिमीटर तो बाहेर आलेला असतो. आणि फुटपाथवरच्या दुकानाला मागे सरकवायचं म्हणजे काय, हे ज्याने अतिक्रमणवाल्यांची गाडी आलेली बघितली आहे त्याला सांगायला नको. आरडाओरडा होतो, हातोडे निघतात, आणि गाडी वळली की स्टूल होतं तिथे.

पिस्टनवर हातोडा काढणारा आमच्याकडे होता. ‘बी’ विंगचे एक गृहस्थ ‘दोन ठोके द्या, बसेल’ असं नवऱ्याला सांगत होते. त्यांच्या मते जगातल्या यच्चयावत वस्तू दोन ठोक्यांनी बसतात. दुसरा गट टॉमीवाल्यांचा. जुना पॅड आणि डिस्क यांच्या फटीत टॉमी घालून कॅलिपर उचकायचा. ही रीत अगदीच टाकाऊ नाही, मेकॅनिक रोज करतात. फक्त त्यांना किती उचकायचं ते कळतं आणि डिस्कवर ओरखडा उठला तर ती त्यांची डिस्क नसते. तिसरा गट पक्कडवाल्यांचा. मोठी पक्कड घेऊन थेट पिस्टनची कड पकडली, की पिस्टनला चरे आणि भोवतीच्या रबरी टोपणाला चीर. त्या चिरेतून पावसाळ्यात पाणी जातं, पिस्टन गंजतो, आणि पुढच्या खेपेला मागे सोडा, पुढेही येत नाही. चौथा गट एकाच माणसाचा होता. जिमला जाणारा, पांढरा टी-शर्ट घातलेला मुलगा. ‘काका, हाताने जाईल,’ म्हणून त्याने दोन्ही अंगठे पिस्टनवर ठेवले. काही गाड्यांत जातोही. आमच्या गाडीत त्याचे कान लाल झाले, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, पिस्टन जागचा हलला नाही. शेवटी त्याने हात टी-शर्टला पुसले. ब्रेकची ती काळी भुकटी कपड्यावरून जात नाही, हे त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी मला लिफ्टमध्ये सांगितलं. म्हणजे नवऱ्याला सांगितलं, मी शेजारी होते.

लागतो तो शिकंजा. सुतार फळ्या चिकटवताना वापरतात तो, इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा. त्याचं एक टोक कॅलिपरच्या पाठीला, दुसरं पिस्टनवर, आणि मध्ये जुना पॅड आडवा ठेवायचा. जुना पॅड टाकून द्यायच्या आधीचं हे त्याचं शेवटचं काम. त्यामुळे दाब सगळीकडून सारखा पडतो आणि पिस्टन तिरका होऊन अडकत नाही. आमचा शिकंजा माहेरी राहिला होता. पण आपल्या सोसायट्यांमध्ये कुठल्याही क्षणी कोणाच्या ना कोणाच्या घरी मॉड्युलर किचनचं काम चालू असतं. दुसऱ्या मजल्यावर जोधपूरकडचा एक सुतार होता. त्याने शिकंजा द्यायच्या आधी कशाला हवा ते तीनतीनदा विचारलं आणि मग आमच्यावर विश्वास टाकण्याऐवजी अवजारासोबत स्वतःच खाली आला.

त्या गर्दीत कामाचा माणूस तो एकटा निघाला. त्याने मला उठवलं नाही, सल्ला दिला नाही. फक्त मी दांडी जोरात फिरवायला गेले तेव्हा म्हणाला, ‘भाभीजी, धीरे. पाव चक्कर, फिर रुको.’ फळ्या चिकटवणाऱ्या माणसाला थांबण्याची सवय असते. शिवाय तो दुसऱ्या मजल्यावर रोजावर होता, त्यामुळे घाई करण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

मी वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. आबांचं म्हणणं वेगळं नव्हतं. ‘पाव आटा दे आणि गप बस. त्याला परत जायाला वाट तेवढीच बारीक हाय बाळ. धसमुसळेपणा केलास तर भिंतीला रेटल्यागत लागंल.’ हे शब्दशः खरं आहे. पिस्टनमागचं तेल बारीक नळीतून मागे जात बोनेटखालच्या डबीत परत पोचतं. हळू दाबलं तर ते निमूट जातं, एकदम दाबलं तर अडतं. ‘आणि तिथं जमलेली माणसं काय म्हणत्यात?’ आबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘हातोडा.’ पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

इथे बोनेटखालच्या डबीकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि घरी काम करणाऱ्यांच्या घरात भांडण होतं ते नेमकं इथे. पॅड झिजतात आणि पिस्टन पुढे येतो, तसं डबीतलं तेल खाली जातं. मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी ते उत्साहाने ‘मॅक्स’च्या रेघेपर्यंत भरलेलं असतं. आता पिस्टन मागे निघाला की सगळं तेल परत येतं, आणि डबी भरलेलीच आहे. मग ते वाहतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगाला खातं. जिथे पडेल तिथला रंग फुगून सोलून निघतो. पडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. त्यापेक्षा सुरुवातीलाच डबीतून थोडं तेल काढून ठेवावं. त्यासाठी सर्वांत चांगलं साधन म्हणजे मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज. मी ती घ्यायला गेले तेव्हा केमिस्टने विचारलं, ‘पेशंटचं वय काय?’ मी म्हटलं, ‘नऊ वर्षं, पण चाळीस हजार किलोमीटरच झालेत.’ त्याने बिल करताना मान वर केली नाही.

याच सुमारास दोन निवृत्त काकांचं निपलवरून जुंपलं. कॅलिपरच्या मागच्या अंगाला हवा काढायचं एक निपल असतं. पहिले काका म्हणाले, ‘साहेब, निपल उघडूनच दाबा. वर्षानुवर्षं तिथे बसलेलं घाण तेल उलटं एबीएसच्या युनिटमध्ये घालणार का तुम्ही?’ दुसरे म्हणाले, ‘अजिबात उघडू नका. जरा चूक झाली की हवा शिरेल, मग पेडल स्पंजासारखं.’ साहेब टॉर्च घेऊन दोघांच्या मध्ये उभे. वाद तेलाच्या गुणधर्मांपर्यंत गेला आणि त्यात दोघांचीही माहिती पक्की होती, हे कबूल केलं पाहिजे. डॉट ३ जातीचं ताजं तेल २०५ अंशांपर्यंत उकळू नये, पाणी प्यायलेलं १४०पर्यंत. डॉट ४ चं ताजं २३० आणि ओलं १५५. हे तेल हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्याकडचे चार महिने त्याला पाजायला कमी पडत नाहीत. म्हणजे जुन्या तेलाची दहशत पहिल्या काकांनी घेतली होती ती खोटी नव्हती, आणि निपल अर्धवट उघडून गोंधळ घालणारे दुसऱ्या काकांनी पाहिले होते तेही खरे. माझं मत असं, की दोन वर्षांनी तेल बदलणाऱ्याने निपलला हात लावू नये. ज्याने घेतल्यापासून बदललंच नाही, त्याने चमचाभर तेल इकडून जाईल की तिकडून यावर भांडू नये, सगळंच बदलावं. हे मी बोललेही. दोन्ही काकांनी नवऱ्याकडे पाहून ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं.

पिस्टन मागे जात असताना बघण्यासारखं काही नसतं, म्हणून पहिल्या काकांनी इतिहास काढला. डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने घेतलं. त्याने डिस्कला चिमटायला तांबं वापरलं होतं, आणि धातूवर धातू घासून असा आवाज निघे, की गाडी थांबण्याआधी रस्ता मोकळा होई. कल्पना पडून राहिली. पुढे १९५३ च्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, आणि मग सगळ्यांना डिस्क आठवली. दुसऱ्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येतो म्हणून ती पुढे राहिली, हे काकांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की ते स्वतः त्या गाडीत बसले होते असं वाटावं. सांगता सांगता त्यांनी वाकून डिस्कवरची भुकटी फुंकली. ती फुंकू नये. जुन्या काळी पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आता काय असतं ते खोक्यावर सविस्तर लिहिलेलं नसतं. ओल्या फडक्याने पुसावी. काका बराच वेळ खोकत होते. लँचेस्टर तिथेच थांबला.

कॅलिपर बसला. मी दुसरी बाजू काढली. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत, कारण कुठली क्लिप कुठे होती हे विसरलं की न उघडलेली बाजू बघता येते. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, म्हणून तो कपडे वाळत घालायच्या दोरीने स्प्रिंगला बांधला होता. ती दोरी पुन्हा घरात वापरायची नाही, हे घरात वेगळं सांगावं लागलं.

खरी गंमत पुढे एका रविवारी झाली. आमचं उदाहरण बघून तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या गृहस्थांनी मनावर घेतलं. त्यांची गाडी मोठी, चारही चाकांना डिस्क. पुढच्या चाकांचे पॅड त्यांनी बदलले, छान बदलले. मागच्या चाकापाशी आले आणि पिस्टन हलेना. शिकंजा आणला, हलेना. मोठा शिकंजा आणला, त्याचाच स्क्रू वाकला. मग सगळी मंडळी आली. एक जण शिकंजा धरतोय, दुसरा त्या दांडीला पाइप घालून लांब करतोय, तिसरा दुसऱ्याला धरतोय. जिमचा मुलगा होता. या वेळी काळ्या टी-शर्टमध्ये. ‘जाम झालाय,’ असा निकाल लागला. कोणीतरी मोबाइलवर नव्या कॅलिपरची किंमत काढली आणि ती मोठ्याने वाचून दाखवल्यावर गृहस्थांच्या पत्नीने गॅलरीचं दार आतून लावून घेतलं.

तेव्हा ठरलं, की साहेबांना बोलवा, त्यांना यातलं कळतं. आमच्या घराची बेल वाजली. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी टॉर्च घेतला आणि मला घेतलं.

मला बघायला फारसं लागलं नाही. पिस्टनच्या तोंडावर खाचा होत्या. पुढच्या चाकाचा पिस्टन गुळगुळीत असतो, तो दाबायचा. मागच्या ज्या कॅलिपरमध्ये हॅण्डब्रेकचीही यंत्रणा असते, तिथल्या पिस्टनच्या आत आटे असतात. तो दाबून आयुष्यात जात नाही, त्याला दाबता दाबता फिरवावं लागतं. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, काहींत एका बाजूचा उलटा. त्यासाठी खाचांत बसणारं एक अवजार मिळतं, नाहीतर मजबूत टोकदार पक्कड चालते. खाचा आहेतच फिरवायला. म्हणजे पाच पुरुष आणि एक पाइप सकाळपासून एका स्क्रूला भिंतीत दाबून बसवत होते.

आणि एवढंच नव्हतं. गाडी घरंगळू नये म्हणून त्यांनी हॅण्डब्रेक पुरता ओढून ठेवला होता. हॅण्डब्रेक त्याच पिस्टनला पुढे ढकलून धरतो. आत गाडी त्याला पुढे ओढत होती, बाहेर ही मंडळी मागे रेटत होती. मी नवऱ्याच्या कानात सांगितलं. नवरा खाकरला आणि म्हणाला, ‘आधी चाकांना दगड लावा. मग हॅण्डब्रेक खाली घ्या. आणि दाबू नका, फिरवा.’

पिस्टन फिरला. आपल्याच तब्येतीत, गोल गोल, आत गेला. मागे सरायला त्याची ना नव्हती, फक्त कोणी नीट विचारलं नव्हतं. शेवटी त्याच्या खाचा पॅडच्या मागच्या बारीक खुंटीला जुळतील अशा आणून ठेवायच्या असतात, तेही नवऱ्याने सांगितलं, माझ्या दुसऱ्या कुजबुजीनंतर. टाळ्या पडल्या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. नवरा टॉर्चसह मध्यभागी, मी चाकाआड, माझा एक कोपर दिसतो. खाली मजकूर: ‘साहेबांच्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल आभार.’ तेव्हापासून आजूबाजूच्या सोसायट्यांतून त्याला फोन येतात. तो घशाशी आवाज नेऊन विचारतो, ‘खाचा आहेत का बघा.’ उत्तर काहीही आलं तरी म्हणतो, ‘थांबा, घरी विचारतो,’ आणि फोन माझ्याकडे देतो.

हल्ली ज्या गाड्यांत बटणाचा हॅण्डब्रेक असतो, त्यांचा प्रकार आणखी निराळा आहे. तिथे मागच्या कॅलिपरवर मोटर असते, आणि गाडीला आधी मेन्यूतून किंवा स्कॅनर लावून ‘आता दुरुस्ती चालू आहे’ असं कळवावं लागतं. मग ती मोटर स्वतःहून मागे जाते. न कळवता शिकंजा लावलात तर मोटरचे दाते जातात, आणि तो खर्च ऐकून गॅलरीचं दार लावून भागत नाही. अशी गाडी असेल तर गॅरेजला न्या. त्यात कमीपणा नाही. पोळ्यावाल्या मावशींचाही गैरसमज होणार नाही.

आता ज्यांना हे वाचून हात शिवशिवतायत, त्यांना दोन गोष्टी मात्र सांगते, कारण इथे हसण्यासारखं काही नाही. पिस्टन मागे घेतल्यावर तो पॅडपासून लांब असतो. त्या अवस्थेत पेडल दाबलं की पाय सरळ तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. आमच्या पार्किंगपासून गेटपर्यंत उतार आहे आणि उताराच्या शेवटी वॉचमनची खुर्ची. म्हणून चाकं चढवल्यावर गाडी इंचभर हलवायच्या आधी, जागेवरच, पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं. ते कडक लागेपर्यंत. मग डबीतलं तेल बघायचं, आणि पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर सावकाश ब्रेक मारत गाडी चालवायची, म्हणजे नवा पॅड डिस्कवर नीट बसतो. या टप्प्याला बघायला कोणी उरलेलं नसतं, सगळे पोहे खायला वर गेलेले असतात, आणि नेमकी चूक तिथे होते.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. कॅलिपर उघडा असताना कोणी पेडल दाबलं, तर पिस्टन तेलासकट बाहेर येऊन पडतो आणि मग घरच्या घरी काही होत नाही. जमलेल्या मंडळींमध्ये ‘जरा ब्रेक लागतो का बघतो’ म्हणणारा एक असतोच. त्याला सल्ला देऊ द्या, इतिहास सांगू द्या, हवं तर टॉर्च धरू द्या. पण काम संपेपर्यंत ड्रायव्हरच्या बाजूचं दार लॉक करून किल्ली खिशात ठेवा.